मिनी ट्रॅक्टरचे वजन आणि कामाचे दिवे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

द्राक्ष, डाळिंब आणि संत्र्याच्या बागा, उसाची बांधणी आणि कोकणातली भातखाचरे अशा अडचणीच्या जागी आता मिनी ट्रॅक्टर सर्रास दिसतो. खरेदीच्या वेळी किंमत, एचपी आणि रुंदी यांची बारकाईने चौकशी होते. वजनाचा आणि रात्रीच्या कामासाठी लावायच्या दिव्यांचा निर्णय मात्र बहुतेक वेळा नजरेच्या अंदाजावर सोडला जातो. या दोन्ही गोष्टी मोजता येतात आणि मोजूनच लावाव्यात, या भूमिकेतून पुढील उत्तरे दिली आहेत.

जवळपास सारख्या एचपीच्या दोन मिनी ट्रॅक्टरच्या वजनात इतका फरक का असतो?

आपल्याकडे मिळणाऱ्या काही मॉडेलची माहितीपत्रकातली वजने पाहिली, तर हा फरक लगेच लक्षात येतो. सुमारे ११ एचपीचा स्वराज कोड अंदाजे ४५५ किलोचा, १८.५ एचपीचा व्हीएसटी शक्ती एमटी १८०डी अंदाजे ६४५ किलोचा, १५ एचपीचा महिंद्रा युवराज २१५ अंदाजे ७८० किलोचा, १५ एचपीचाच स्वराज ७१७ अंदाजे ८५० किलोचा, तर २८ एचपीचा जॉन डीअर ३०२८ ईएन अंदाजे १,०७० किलोचा आहे. आवृत्ती आणि टायर बदलले की हे आकडे थोडे मागेपुढे होतात.

हीच वजने एचपीने भागली, तर चित्र आणखी स्पष्ट होते. युवराज आणि स्वराज ७१७ यांच्यात एका एचपीमागे ५० किलोंहून अधिक वजन पडते, तर व्हीएसटी आणि जॉन डीअर यांच्यात ते ३५ ते ३८ किलोच भरते. ट्रॉली ओढणे आणि नांगरट हे काम डोळ्यांसमोर ठेवून बांधलेला टू-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर मुद्दाम जड ठेवला जातो. चिखलणी, रोटाव्हेटर आणि फवारणी अशी पीटीओवरची (इंजिनाची शक्ती अवजाराला देणाऱ्या मागच्या फिरत्या शाफ्टवरची) कामे प्रामुख्याने करायची असतील, तर हलकी बांधणी पुरते आणि चारही चाकांना ओढ मिळाली तर पकडीची उणीव बरीच भरून निघते. त्यामुळे जड ट्रॅक्टर मजबूत आणि हलका ट्रॅक्टर तकलादू, असा सरळ निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल.

माहितीपत्रकातले वजन जसेच्या तसे धरावे का?

तुलनेची सुरुवात म्हणून धरावे, पण दोन पत्रकांतले आकडे एकाच पद्धतीने मोजलेले आहेत का, ते आधी पाहावे. कुठे डिझेल, तेल आणि पाणी भरून घेतलेले वजन दिलेले असते, कुठे पुढची लोखंडी वजने त्यात धरलेली असतात, तर कुठे रॉप्सची (ट्रॅक्टर उलटल्यास चालकाला वाचवणारी) कमान वगळलेली असते. ५० किलोंचा फरक मोठ्या ट्रॅक्टरमध्ये लपून जातो. ६०० किलोंच्या ट्रॅक्टरमध्ये तो आठ टक्क्यांहून जास्त होतो.

खात्रीची माहिती हवी असेल, तर मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय कृषी यंत्रे प्रशिक्षण व परीक्षण संस्थेचा चाचणी अहवाल मागावा. भारतीय मानक आयएस ५९९४ नुसार होणाऱ्या या चाचण्यांच्या अहवालात एकूण वजनाबरोबरच पुढच्या आणि मागच्या एक्सलवर पडणारे वजन वेगवेगळे दिलेले असते. विक्रेत्याकडे तो नसेल, तर कंपनीच्या कार्यालयाकडे लेखी मागणी करावी. हा अहवाल चाळण्यात घालवलेला अर्धा तास शोरूममधल्या दोन तासांच्या चर्चेपेक्षा उपयोगी पडतो, असे माझे ठाम मत आहे.

ट्रॅक्टर घरी असेल, तर त्याचे वजन कसे करावे?

साखर कारखान्याचा, बाजार समितीचा किंवा रस्त्यावरचा कोणताही वजनकाटा चालतो. डिझेलची टाकी भरावी, चालकाने सीटवर बसावे आणि तीन नोंदी घ्याव्यात : संपूर्ण ट्रॅक्टर काट्यावर, फक्त पुढची चाके काट्यावर आणि फक्त मागची चाके काट्यावर. त्यानंतर नेहमीचे अवजार जोडून, ते पूर्ण उचलून पुन्हा याच नोंदी घ्याव्यात. ट्रॅक्टर सपाट उभा असावा आणि वजन घेताना ब्रेक सोडून गिअर न्यूट्रल ठेवावा, नाहीतर आकडा अडकून राहतो. मोठे काटे ५, १० किंवा २० किलोंच्या टप्प्याने आकडा दाखवतात, म्हणून मिनी ट्रॅक्टरसाठी कमी क्षमतेचा काटा मिळाला तर अधिक बरे. पुढची आणि मागची नोंद मिळून एकूण वजनाशी जुळते का, हे तिथेच ताडून पाहावे.

वजन जास्त असेल तर ओढही जास्त मिळते, हे खरे आहे का?

खरे आहे, पण ओढ देणाऱ्या चाकांवर जे वजन पडते तेवढ्यापुरतेच. मशागत केलेल्या भुसभुशीत जमिनीत, ओढ देणाऱ्या चाकांवरच्या वजनाच्या साधारण ४० ते ५० टक्के इतकीच ओढ हाती लागते. समजा, टू-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरच्या मागच्या एक्सलवर ५०० किलो वजन आहे. मग सुमारे २०० किलोंची ओढ मिळेल. ही ओढ ताशी ४ किलोमीटर वेगाने वापरली, तर प्रत्यक्षात ओढीसाठी खर्च होणारी शक्ती जेमतेम ३ एचपी भरते. नांगर जमिनीत शिरल्यावर थोडे वजन पुढून मागे सरकते आणि हा आकडा वाढतो, तरीही इंजिनाच्या १५ एचपीपैकी मोठा भाग नांगरटीत वापरलाच जात नाही.

हलक्या ट्रॅक्टरवर जास्त एचपीचे इंजिन असूनही पलटी नांगर ओढताना टायर जागेवर फिरतो, त्याचे कारण हेच आहे. तोच ट्रॅक्टर रोटाव्हेटरला मात्र उत्तम चालतो, कारण रोटाव्हेटरला शक्ती पीटीओतून मिळते आणि त्याची फिरती पाती उलट ट्रॅक्टरला पुढे रेटत असतात. बागेतला फवारणीचा ब्लोअरही पीटीओवरच चालतो. म्हणून आपल्या वर्षभराच्या कामात ओढीची कामे किती आणि पीटीओची किती, हे आधी ठरवावे. वर्षातले बहुतेक तास ब्लोअर आणि रोटाव्हेटरचे असतील, तर जड ट्रॅक्टर घेऊन बागेची जमीन वर्षभर दाबण्यात काहीही फायदा नाही. वर्षातून एकदा लागणारी खोल नांगरट मोठा ट्रॅक्टर भाड्याने आणून करावी.

किती जादा वजन लावावे, हे कसे ठरवावे?

चाकाची स्लिप, म्हणजे चाक फिरूनही ट्रॅक्टर पुढे न सरकल्याने वाया जाणारे अंतर, मोजून. यासाठी एक खडू, चार खुंट्या आणि मोजपट्टी एवढेच साहित्य लागते. मागच्या टायरच्या बाजूवर खडूने ठळक रेघ ओढावी. ज्या शेतात काम करायचे त्याच शेतात, अवजार उचलून, ठरलेल्या गिअरमध्ये ट्रॅक्टर चालवावा. रेघ जमिनीला लागेल तिथे पहिली खुंटी रोवावी आणि चाकाचे दहा फेरे पूर्ण झाले की दुसरी. दोन्हींमधले अंतर मोजावे. मग अवजार नेहमीच्या खोलीवर टाकून पुन्हा दहा फेरे मोजावेत. अवजार उचलून २८ मीटर आणि अवजार टाकून २४.५ मीटर अंतर भरले, तर ३.५ मीटर वाया गेले, म्हणजे स्लिप १२.५ टक्के झाली.

टू-व्हील ड्राइव्हमध्ये १० ते १५ टक्के आणि फोर-व्हील ड्राइव्हमध्ये ८ ते १२ टक्के स्लिप योग्य समजावी. स्लिप १५ च्या बरीच वर गेली, तर डिझेल आणि टायर दोन्ही वाया जातात. अशा वेळी वजन वाढवावे किंवा खोली कमी करावी. ती ८ च्या खाली असेल, तर ट्रॅक्टरवर गरजेपेक्षा जास्त वजन आहे, आणि ते काढणे हाच खरा उपाय आहे. अजिबात स्लिप नको, असा आग्रह अनेक जण धरतात. तो गिअरबॉक्स आणि मागच्या एक्सलला महागात पडतो, कारण जास्तीचा ताण टायर फिरून निघून जाण्याऐवजी थेट दातऱ्यांवर येतो.

वाफसा (मशागतीला योग्य ओल) नसताना ही मोजणी करू नये. ओल्या काळ्या जमिनीत स्लिप नेहमीच जास्त दिसते आणि त्यावर वजन वाढवणे हा सर्वांत चुकीचा उपाय आहे. तिथे एक-दोन दिवस थांबणेच योग्य.

टायरमध्ये पाणी भरावे की लोखंडी वजने लावावीत?

पाणी स्वस्त आहे आणि ते खालच्या पातळीवर राहते, त्यामुळे उताराच्या शेतात अरुंद ट्रॅक्टरला स्थैर्य देते. व्हॉल्व्ह वरच्या बाजूला ठेवून, व्हॉल्व्हच्या पातळीपर्यंत म्हणजे साधारण तीन-चतुर्थांश पाणी भरावे आणि उरलेल्या जागेत हवा ठेवावी. मिनी ट्रॅक्टरच्या मागच्या टायरमध्ये, मापानुसार, साधारण ५० ते ८० लिटर पाणी मावते आणि एक लिटरला एक किलो असा सरळ हिशेब आहे. थंड देशांत पाणी गोठू नये म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराइड मिसळतात. आपल्याकडे त्याची गरज नाही आणि ते रिमला गंजवते, म्हणून टाळावे.

पाण्याची अडचण अशी की ते हंगामानुसार पटकन काढता-घालता येत नाही. सकाळी फवारणी आणि दुपारी नांगरट असे मिश्र काम ज्यांचे आहे, त्यांनी चाकाला बोल्टने बसणारी लोखंडी वजने घ्यावीत. ही वजने दोन्ही चाकांवर सारखी असावीत आणि नट पहिल्या काही तासांच्या कामानंतर पुन्हा आवळावेत.

मागे अवजार उचलले की पुढची चाके हलकी होतात; पुढे किती वजन लावावे?

पुढच्या एक्सलवर रिकाम्या ट्रॅक्टरच्या एकूण वजनाच्या किमान २० टक्के वजन राहिले पाहिजे, नाहीतर स्टिअरिंग फिरवूनही ट्रॅक्टर सरळच जातो. लिफ्टची क्षमता हा वेगळा मुद्दा आहे. लिफ्टने अवजार उचलले, म्हणजे ट्रॅक्टरला ते पेलले असे होत नाही.

एक उदाहरण घेऊ. ट्रॅक्टर ७८० किलोंचा आहे, त्यापैकी ३१२ किलो पुढच्या एक्सलवर आहेत आणि दोन्ही एक्सलमधले अंतर १.५ मीटर आहे. मागे २०० लिटर पाण्याने भरलेला फवारणी पंप जोडला आहे. त्याचे एकूण वजन २५० किलो असून वजनाचा मध्य मागच्या एक्सलपासून १.१ मीटर मागे आहे. पुढच्या एक्सलवरचा भार २५० गुणिले १.१ भागिले १.५, म्हणजे सुमारे १८३ किलोंनी कमी होईल आणि तिथे १२९ किलोच उरतील. आवश्यक किमान भार १५६ किलो आहे. म्हणजे २७ किलो कमी पडतात.

हीच तूट पुढच्या बंपरवरच्या वजनांनी भरून काढता येते. ती वजने पुढच्या एक्सलच्या अर्धा मीटर पुढे असतील, तर प्रत्येक किलोचा परिणाम एक्सलवर १.३३ किलो होतो. सुमारे २० किलो पुरतील. पण चढावर आणि खाचखळग्यांत पुढचा भाग आणखी हलका होतो, म्हणून ४० किलो लावणे सुरक्षित. हे वजन टाकी रिकामी झाल्यावर किंवा अवजार काढल्यावर उतरवावे, कारण पुढे विनाकारण राहिलेले वजन बेअरिंग आणि किंगपिन (पुढचे चाक ज्यावर वळते तो खिळा) झिजवते.

ओढीची साखळी टॉप लिंकच्या (अवजार जोडायच्या वरच्या दांड्याच्या) जागी किंवा मागच्या एक्सलच्या वर कधीही बांधू नये. खोड किंवा अडकलेली ट्रॉली ओढताना उंचावरून जोडलेली साखळी ट्रॅक्टर मागे उलथवते आणि हे इतक्या झपाट्याने घडते की चालकाला क्लच दाबायला वेळ मिळत नाही. खालच्या ड्रॉबारलाच (ओढीच्या दांड्यालाच) साखळी जोडावी. पुढे कितीही वजने लावली तरी ती या नियमाला पर्याय नाहीत.

वजनामुळे काळी जमीन किती दबते?

वरच्या थरातला दाब टायरच्या हवेवर आणि टायर जमिनीला किती टेकतो यावर ठरतो. खालच्या थरातला दाब मुख्यतः एक्सलवरच्या एकूण भारावर ठरतो. वरचा थर वखरपाळीने मोकळा करता येतो, खालचा थर सहज मोकळा होत नाही. या दृष्टीने मिनी ट्रॅक्टर बागेला फायद्याचा आहे. मात्र द्राक्षबागेत दोन ओळींतले अंतर ठरलेले असल्यामुळे ट्रॅक्टर हंगामभर त्याच दोन पट्ट्यांवरून फिरतो, आणि पावसाळ्यात फवारणी थांबवता येत नाही म्हणून ओल्या जमिनीवरही जावे लागते. अशा बागेत टायरमधले पाणी काढून टाकावे आणि टायरमधली हवा कंपनीने दिलेल्या मर्यादेत जितकी कमी ठेवता येईल तितकी ठेवावी.

कोकणातल्या चिखलणीसाठी काय वेगळे पाहावे?

खाचरात हलका ट्रॅक्टरच चांगला. जादा वजने उतरवावीत, टायरच्या बाहेरून लोखंडी केज व्हील लावावीत आणि बांध ओलांडताना ट्रॅक्टर बांधाला काटकोनात ठेवून सावकाश न्यावा. चढ तीव्र असेल, तर उलट गिअरमध्ये बांध चढणे जास्त सुरक्षित असते.

रात्रीच्या कामासाठी किती दिवे लावावेत आणि कुठे?

शेतीच्या विजेचे रात्रीचे फेरे, उन्हाळ्यातला विदर्भ-मराठवाड्यातला उकाडा आणि मधमाश्यांना त्रास होऊ नये म्हणून संध्याकाळनंतर केलेली फवारणी अशा कारणांनी रात्री ट्रॅक्टर चालवावा लागतो. जुन्नर किंवा निफाडसारख्या बिबट्याच्या वावराच्या भागात उजेड हा सुरक्षिततेचाही प्रश्न आहे.

बहुतेकांचा पहिला विचार पुढे लांबवर जाणारा प्रखर दिवा लावण्याचा असतो. शेतातला वेग ताशी ३ ते ५ किलोमीटर असतो, तेव्हा १०० मीटरवरचे झाड दिसून काही साधत नाही. खरी गरज मागे असते : रोटाव्हेटरमध्ये वेल अडकला आहे का, ब्लोअरचा एखादा नोझल बंद पडला आहे का, फाळ योग्य खोलीवर आहे का, हे दिसले पाहिजे. म्हणून पहिले दोन दिवे मागच्या मडगार्डवर, रुंद झोताचे आणि अवजाराकडे खाली झुकलेले असावेत. पुढे हेडलाइटच्या जोडीला, बांधाजवळ वळताना उपयोगी पडतील असे दोन रुंद झोताचे दिवे थोडे बाहेर वळवून लावावेत. मिनी ट्रॅक्टरला हे चार दिवे पुरतात.

रॉप्सच्या कमानीवर उंच लावलेला दिवा मोकळ्या शेतात फार चांगला उजेड देतो. पण मांडव पद्धतीच्या बागेत तो तारांना आणि घडांना लागतो, शिवाय कमान दुमडावी लागली की दिव्याची दिशाच बदलते. बागेसाठी मडगार्डच योग्य.

ट्रॅक्टरच्या अल्टरनेटरला इतके दिवे झेपतील का?

हिशेब सोपा आहे : वॅट भागिले १२ म्हणजे अँपिअर. ५५ वॅटचा हॅलोजन सुमारे ४.६ अँपिअर घेतो, २७ वॅटचा एलईडी २.२५ अँपिअर घेतो.

समजा, अल्टरनेटर किंवा डायनॅमोच्या पट्टीवर २० अँपिअर लिहिले आहे. दोन हॅलोजन हेडलाइट सुमारे ९, मागचे दिवे आणि मीटर २, बॅटरी चार्ज होण्यासाठी ४, असे १५ अँपिअर आधीच खर्च झाले. उरलेल्या ५ अँपिअरमध्ये २७ वॅटचे दोनच एलईडी बसतात. चार लावायचे असतील, तर शेतात काम करताना हेडलाइट बंद ठेवून कामाचे दिवेच वापरावेत. पट्टीवरचा आकडा इंजिनाच्या पूर्ण फेऱ्यांवरचा असतो, हेही लक्षात ठेवावे. मंद गतीवर तेवढी वीज तयार होत नाही. इंजिन बंद करून चार दिवे चालू ठेवले, तर ताशी ९ अँपिअर-अवर थेट बॅटरीतून जातात आणि ३५ अँपिअर-अवरची बॅटरी दोन तासांत निम्म्याहून खाली उतरते.

बाजारातल्या स्वस्त एलईडीवर छापलेले वॅट आणि प्रत्यक्षातले वॅट यांत अनेकदा मोठी तफावत असते. ४८ वॅट लिहिलेला दिवा मल्टिमीटरवर १.५ अँपिअर दाखवत असेल, तर तो १८ वॅटचा आहे असे समजून त्याची किंमत ठरवावी.

वायरिंग करताना सर्वांत जास्त चुका कुठे होतात?

हेडलाइटच्या वायरला जोड देऊन नवे दिवे काढण्यात. मूळ वायर आणि स्विच त्या भारासाठी बनवलेले नसतात. जोड तापतो, टेपखालची तार काळी पडते आणि दिवे हळूहळू मंद होत जातात. बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकापासून स्वतंत्र वायर काढावी आणि टोकापासून वीतभर अंतराच्या आतच फ्यूज बसवावा. २७ वॅटच्या चार दिव्यांचा भार ९ अँपिअर होतो, म्हणून १५ अँपिअरचा फ्यूज योग्य. फ्यूजनंतर रिले (लहान स्विचने मोठा भार चालू-बंद करणारा भाग) लावावा : ३० क्रमांकाच्या पिनला बॅटरीची वायर, ८७ ला दिव्यांची वायर, ८५ ला अर्थ आणि ८६ ला डॅशबोर्डवरच्या स्विचची वायर. स्विचला वीज चावीनंतरच्या सर्किटमधून द्यावी, म्हणजे चावी काढल्यावर दिवे आपोआप बंद होतात.

वायरच्या जाडीवर पैसे वाचवू नयेत. बॅटरीपासून दिव्यापर्यंत ४ मीटर अंतर धरले, तर जाऊन-येऊन ८ मीटर तार होते. ९ अँपिअरला १ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत सव्वा व्होल्टहून जास्त घट येते, तर २.५ चौरस मिलिमीटरमध्ये ती अर्ध्या व्होल्टवर येते. अर्थची वायर रंगावर स्क्रू मारून लावू नये. धातू घासून स्वच्छ करावा किंवा वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हला न्यावी. वायर सायलेन्सर, लिफ्टचे हात आणि पीटीओ शाफ्ट यांपासून दूर ठेवून, लवचीक नळीतून नेऊन ठिकठिकाणी बांधावी. बागेतल्या फवारणीत गंधक आणि तांब्याची औषधे वापरली जातात. त्यांचा तुषार उघड्या टर्मिनलवर बसला की काही महिन्यांतच हिरवा थर चढतो. म्हणून दिवे आयपी ६७ दर्जाचे (धूळ आणि पाणी आत न जाणारे) आणि जोड पाणी न शिरणारे घ्यावेत.

पांढरा प्रकाश चांगला की पिवळसर?

धूळ आणि फवाऱ्याच्या धुक्यात निळसर पांढरा प्रकाश उलटून डोळ्यांवर येतो आणि कीटकही जास्त ओढतो. ४,००० ते ५,००० केल्विनचा (केल्विन म्हणजे प्रकाशाच्या रंगछटेचे माप) प्रकाश डोळ्यांना सुखाचा वाटतो. फवारणीसाठी मागचा दिवा फवाऱ्याच्या सरळ मागून न टाकता बाजूने टाकावा, म्हणजे थेंबांची फेक नीट दिसते.

हे दिवे रस्त्यावर चालू ठेवता येतात का?

नाही. मागे लावलेला पांढरा दिवा मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला पूर्णपणे आंधळा करतो आणि समोरचे वाहन येत आहे की जात आहे, हेही त्याला कळत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम १११ नुसार वाहनाच्या पुढे स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट लावण्यावरही बंदी आहे. बांध सोडून रस्त्यावर येताना कामाचे सर्व दिवे बंद करावेत, पुढचे आणि मागचे दिवे वेगळ्या स्विचवर ठेवावेत, आणि डॅशबोर्डवर लाल सूचक दिवा बसवावा, म्हणजे मागचा दिवा चालू राहिल्याचे चालकाला दिसेल. गळीत हंगामात रात्री उसाची ट्रॉली ओढणाऱ्यांनी ट्रॉलीच्या मागे लाल दिवे आणि परावर्तक पट्ट्या लावल्याशिवाय रस्त्यावर येऊच नये. अंधारात उभी असलेली ट्रॉली न दिसल्याने होणारे अपघात पूर्णपणे टाळता येण्यासारखे असतात.

हलक्या ट्रॅक्टरने किती वजनाची ट्रॉली ओढावी?

कंपनीने दिलेल्या मर्यादेपर्यंतच. सपाटीवर ट्रॅक्टर जास्त भार ओढतो, हा निकष धरू नये. उतारावर भरलेली ट्रॉली ब्रेक नसताना हलक्या ट्रॅक्टरला मागून ढकलते आणि वळणावर आडवा करते. उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाकावा आणि दोन्ही ब्रेक पेडल खटक्याने जोडलेली आहेत, याची खात्री करावी.